भोपाळची हत्तीण

फुकट मिळणारी मर्सिडीज नाकारणारा माणूस एक तर महामूर्ख असला पाहिजे, नाही तर महाश्रीमंत. मी दुसऱ्या गटात नाही, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल. पहिल्या गटात आहे की नाही, ते शेवटपर्यंत वाचून तुम्हीच ठरवा.

माझी थोरली बहीण भोपाळला असते. भावोजी 'भेल'मधून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या घरापुढच्या पोर्चमध्ये एक गाडी उभी असायची. ताईने तिचे नाव ठेवले होते 'हत्तीण'. गाडी म्हणजे १९९६ सालची मर्सिडीज ई २२०, रंग गडद निळा. भावोजींनी ती २०१७ साली, गाडीच्या वयाच्या एकविसाव्या वर्षी, एका व्यापाऱ्याकडून घेतली. किंमत १ लाख ७० हजार रुपये! त्या पैशांत तेव्हा धड नवी छोटी गाडीसुद्धा येत नव्हती.

२०२५ च्या पावसाळ्यानंतर भावोजींच्या डोळ्यांचे दुखणे वाढले आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. दिवाळीच्या सुमारास त्यांचा फोन आला. "अरे, गाडी घेऊन जा. तुला लहानपणापासून हौस आहे. पैसे नकोत." मागून ताईचा आवाज ऐकू आला, "जाताना वहीपण ने म्हणावं!" ही वही काय भानगड आहे ते मला तेव्हा कळले नाही. त्या रात्री झोप मात्र लागली नाही.

माझ्या पिढीच्या गोवेकराला मर्सिडीजचे अप्रूप आहे, पण ते जरा निराळे. बाकी भारतात ही गाडी राजेरजवाड्यांची आणि उद्योगपतींची. आमच्याकडे ती टॅक्सी होती! पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकात खाणी जोरात चालल्या, लोहखनिज जपान आणि जर्मनीला जाऊ लागले आणि गोव्यात परदेशी माल मुबलक उतरू लागला. पलीकडे भारतात अॅम्बॅसडर आणि फियाट यांपलीकडे फारशी निवड नव्हती, तेव्हा आमच्या अरुंद रस्त्यांवर जर्मन, इंग्रजी, अमेरिकन गाड्या फिरत होत्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ती आयात थांबली. पण आलेल्या गाड्या थोड्याच परत जाणार? त्या राहिल्या, आणि त्यांतल्या डिझेल मर्सिडीज टॅक्सीवाल्यांनी पुढे कित्येक वर्षे चालवल्या.

सत्तरच्या दशकात म्हापशाहून पणजीला अशाच एका टॅक्सीतून आईच्या मांडीवर बसून गेल्याचे मला आठवते. पुढे ड्रायव्हर धरून चौघे, मागे पाच, आणि आमच्यासारखी पोरे हिशेबात नाहीत. उतरताना कुणी दार जोरात आपटले की ड्रायव्हर कळवळून ओरडायचा, "सवकास रे, घरचें दार न्हय तें!" प्रवासी उतरले की तो लगेच फडके घेऊन बॉनेट पुसायला लागायचा. मला वाटायचे, गाडी चांगली आहे म्हणून तो पुसतो. तो पुसतो म्हणून गाडी चांगली आहे, हे कळायला मला पन्नास वर्षे आणि एक भोपाळची वारी लागली.

डिसेंबरात भोपाळला गेलो. जाण्यापूर्वी मनाची तयारी झालीच होती. मित्रांनी त्यात भरच घातली. "अरे, मध्य प्रदेशातली गाडी म्हणजे सोनं! आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस. पत्रा खालून कुजतो. तिकडे हवा कोरडी, गंज नाही." हे खरेही आहे. जुन्या गाडीत इंजिन दुरुस्त करता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण गंजाने खाल्लेला सांगाडा म्हणजे शेवट. किनाऱ्यापासून दूर आयुष्य काढलेली गाडी घ्यावी, हा सल्ला शहाणपणाचाच.

भावोजींनी पोर्चमध्ये नेऊन गाडी दाखवली. ते तिच्याबद्दल बोलतात ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावे तसे. जाणकार या मॉडेलला 'डब्ल्यू १२४' म्हणतात. जर्मनीत ते १९८४ च्या अखेरीस आले आणि तिथेही टॅक्सी म्हणून सर्रास धावले. भारतात मर्सिडीज-बेंझ १९९४ साली टेल्कोशी भागीदारी करून आली आणि १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ चा, तो फार नंतरचा. म्हणजे भोपाळची ही हत्तीण जन्माने पुणेकर! "म्हणूनच नेमकं नको त्या वेळी बोलणं बंद करते," ताई म्हणाली.

समोरच्या काचेला एकच वायपर. तो नुसता गोल फिरत नाही, फिरता फिरता पुढेमागे सरकतो आणि काचेचे वरचे कोपरेही पुसून काढतो. उभी गाडी रोखून धरण्याचा ब्रेक हाताने लावायचा नाही, डाव्या पायाने दाबायचा. दार लावले की 'धप्प' असा भरीव आवाज येतो, देवघराचे जुने शिसवी कपाट लावल्यासारखा. तीस वर्षांच्या गाडीत एकही खुळखुळाट नाही. मी मनातल्या मनात ती आमच्या अंगणात आंब्याखाली लावूनही टाकली.

मग भावोजींनी वही आणली.

दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची हिशेबाची वही. २०१७ पासूनचा गाडीवरचा प्रत्येक खर्च तारखेनिशी, किलोमीटरच्या आकड्यासह, आणि पुढे एका ओळीत कारण. पहिल्याच वर्षीची बेरीज १ लाख ९२ हजार. म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त! चार टायर, बॅटरी, रेडिएटर आणि त्याच्या सगळ्या रबरी नळ्या, ब्रेकच्या तबकड्या, इंजिन ज्यांवर बसते ती रबरी माउंटिंग्ज, चाकांच्या सांध्यांतले बुश, एसीचा कॉम्प्रेसर. मी विचारले, "मग तुम्हाला फसवलं म्हणायचं का?" भावोजी हसले. "फसवलं नाही. त्या माणसाने पाच वर्षं जे केलं नव्हतं ते मी एका वर्षात केलं. त्याच्याकडे आणखी दोन गाड्या होत्या. ही नुसती उभी असायची."

मग त्यांनी इंजिनिअरच्या भाषेत मला समजावले. लोखंडाची काळजी घेतली तर ते माणसापेक्षा जास्त जगते. रबर जगत नाही. गाडी चालली नाही तरी रबर कडक होते, तडकते, गळू लागते. म्हणून 'वीस वर्षांत फक्त साठ हजार किलोमीटर चाललेली' ही जाहिरात ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही. फार चाललेली पण नियमित दुरुस्त झालेली गाडी, कमी चालून वर्षानुवर्षे उभी राहिलेल्या गाडीपेक्षा बहुतेक वेळा बरी. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. या गाड्या बनल्या तेव्हा भारतात असल्या मिश्रणाचा विचारही नव्हता. त्यामुळे इंधनाच्या नळ्या आणि सीलवर अधिकच लक्ष ठेवावे लागते. भावोजींनी त्या नळ्या आधीच बदलून घेतल्या होत्या. वहीत नोंद होतीच.

रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी बेरीज मारली. आठ वर्षांत दुरुस्ती-देखभालीचे ६ लाख ३८ हजार. गाडी चालली ३१ हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला साडेवीस रुपये नुसत्या देखभालीचे. लिटरला आठ-नऊ किलोमीटर जाते, आणि पेट्रोल एकशे सहाच्या आसपास धरले तर आणखी साडेबारा. विमा आणि मूळ किंमत सोडूनच किलोमीटरला तेहतीस रुपये! एवढ्या पैशांत ते भोपाळभर भाड्याच्या गाडीतून निवांत हिंडले असते आणि वर पैसे उरले असते. मी तसे म्हणालोही. भावोजींचे उत्तर असे: "भाड्याच्या गाडीत बसून मला काय शिकायला मिळालं असतं? आयुष्यभर कारखान्यात मोठमोठी यंत्रं केली, पण त्यातलं एकही घरी आणता आलं नाही. हे आणता आलं."

या उत्तराला माझ्याकडे तोड नव्हती. पण हिशेबाने मला एक गोष्ट स्पष्ट दाखवली आणि या लेखात सांगायची मुख्य गोष्ट तीच आहे. मोठी गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण सुट्या भागांची किंमत उतरत नाही आणि कारागिराची मजुरीही उतरत नाही. पहिल्या दिवशी ती ज्या ऐपतीच्या माणसासाठी बनवली होती, त्याच ऐपतीने ती शेवटपर्यंत खाते. म्हणून दीड-दोन लाखांत मिळणारी आलिशान गाडी स्वस्त नसते. बाजाराने मूळ किमतीतून राहिलेली बिले वजा केलेली असतात, इतकेच! ती बिले नव्या मालकाची वाट बघत बॉनेटखाली बसलेली असतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपल्याकडे उगाच नाही पडली. कोंबडी घेणाऱ्याने खिशात मसाल्याचे बारा आणे आहेत का ते आधी बघावे.

पैशाचे एक झाले. ताईने दुसरी बाजू सांगितली, ती वहीत नव्हती. २०२२ च्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली. मनगट सुजून टम्म. भावोजी धावत गाडीपाशी गेले, किल्ली फिरवली. इंजिन नुसते घरघरले. पेट्रोलचा पंप गेला होता. वीस-पंचवीस वर्षे चाललेला पंप, कधी तरी जाणारच. पण तो नेमका त्या सकाळी गेला. शेवटी शेजारच्या मुलाने रिक्षा आणली आणि ताई मोडलेले मनगट छातीशी धरून, खड्ड्याखड्ड्याला कण्हत इस्पितळात गेली. पोर्चमध्ये मर्सिडीज झुलत होती आणि घरची मालकीण रिक्षात! "दोन आठवडे मी यांच्याशी कामापुरतंच बोलले," ताई म्हणाली. "हौसेला माझं ना नाही. पण हौस ही हौस आणि गरज ही गरज. गरजेच्या जागी हौस उभी केली की असं होतं." पुढच्याच महिन्यात भावोजींनी ताईसाठी एक छोटी नवी गाडी घेतली. तो खर्चही खरे तर हत्तिणीच्याच खात्यात लिहायला हवा होता. घरात एकच गाडी असेल तर ती जुनी आलिशान गाडी असू नये. हा नियम मी ताईच्या मनगटाकडे बघून पाठ केला.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आम्ही जुन्या शहरात गेलो, उस्तादांकडे. भोपाळात कबाडखाना नावाचा एक भागच आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. जुन्या गाड्यांचे जे भाग कुठल्याही चकाचक दुकानात मिळत नाहीत ते अशाच ठिकाणी मिळतात. उस्ताद सत्तरीचे. त्यांचे वडीलही हेच काम करीत. १९४९ साली भोपाळ संस्थान विलीन झाल्यावर ज्या मोठमोठ्या गाड्या हळूहळू विकल्या गेल्या, त्यांच्यावर वडिलांनी हात बसवला आणि वडिलांच्या हाताखाली यांनी. मला बघताच म्हणाले, "को खां, गाड़ी देखने आये हो या फोटो खिंचवाने?"

मी त्यांना विचारले की जुनी मोठी गाडी घेताना तुम्ही काय बघता. चहा येईपर्यंत त्यांनी मला सगळी शाळा शिकवली. पहिले, विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गरम इंजिन खोटे बोलते, थंड इंजिन खरे बोलते. दुसरे, टायर बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर समजा, मालकाच्या खिशात पैसे नव्हते. जो टायरला पैसे देत नाही तो तेल काय बदलणार? तिसरे, पायाखालचा गालिचा उचलून हात लावा. ओल लागली तर पाणी कुठून तरी येते आहे. चौथे, रेडिएटरचे पाणी. त्यात तेलाचा तवंग दिसला तर नमस्कार करून घरी जा. आणि पाचवे, बिले मागा. मालक बिले दाखवत नसेल आणि नुसती गाडी पुसून दाखवत असेल, तर पुसलेलीच बघून या!

दिल्लीच्या गाड्यांचा विषय निघाला. २०१४-१५ च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनी दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. तेव्हापासून तिकडच्या कितीतरी आलिशान गाड्या ना-हरकत दाखल्यानिशी इतर राज्यांत पडत्या भावाने आल्या. उस्ताद म्हणाले, त्यांतल्या काही उत्तम होत्या. पण बहुतेक घेणारे त्या पहिल्या मोठ्या बिलापर्यंत चालवतात आणि मग अंगणात उभ्या करतात. "मियाँ, खरीदने वाले बहुत हैं, रखने वाले कम हैं."

मग त्यांनी मला सरळ विचारले, "गोव्यात हिचं काम कोण करणार?" मी म्हणालो, बघू, कुणी तरी मिळेल. त्यावर त्यांचे एकच वाक्य: "गाड़ी तो ले जाओगे, मुझे कैसे ले जाओगे?"

यात बढाई नव्हती. आठ वर्षांत या गाडीचा प्रत्येक स्क्रू त्यांच्या हातून गेला होता. आवाज ऐकून कुठला बुश बोलतो आहे ते त्यांना कळत होते. वहीतले साडेसहा लाख भावोजींचे होते, पण गाडी जगवली ती या माणसाच्या कानाने. नव्या गाड्यांना संगणक जोडून दोष शोधतात. ते ज्ञान वेगळे आणि चांगलेच आहे. पण नव्वदच्या दशकातल्या गाडीला त्या वयाचा माणूस लागतो. असे कारागीर गोव्यातही होते, थोडे अजूनही असतील. पण त्यांच्या हाताखाली शिकायला पोरे नाहीत. मी फोन करून दोन-तीन ठिकाणी विचारले. एकाने सांगितले, काम करीन, पण घाई करायची नाही. दुसऱ्याने सांगितले, मुलगा दुबईला गेला, मी गॅरेज बंद केले.

कागदांचेही बघितले. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी इकडचा ना-हरकत दाखला, मग तिकडचा रस्ता कर. गाडी १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण. हे शुल्क मोटारीसाठी एके काळी ६०० रुपये होते, १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारींसाठी १० हजार. या गाडीची पाळी नेमकी २०२६ ला येणार होती. दुसरीकडे, २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरील गाडी 'व्हिंटेज' ठरते आणि तिला वेगळा मान आणि वेगळा नंबर मिळतो. म्हणजे तीस वर्षांची गाडी धड नवी नाही आणि धड पुराणवस्तूही नाही. अजून वीस वर्षे तिने निमूटपणे कळ काढायची. सरकारचे धोरण चूक आहे असे मी म्हणत नाही, धूर कुणालाच नको आहे. पण जपून ठेवलेली एक गाडी आणि कशीबशी ढकलत नेलेली एक गाडी यांत केवळ वयावरून फरक होत नाही, एवढे म्हणावेसे वाटते. वय जन्मदाखला सांगतो. प्रकृती तपासणीत कळते.

संध्याकाळी मी गाडी चालवली, शेजारी भावोजी. बड्या तलावाच्या काठाने गेलो. स्टिअरिंगला आजच्या गाड्यांसारखी चपळाई नाही. ते थोडा विचार करून वळते. खड्डा आला की आपण अंग चोरतो, पण धक्का येतच नाही. भावोजी डोळे मिटून ऐकत होते. दिसत कमी होते, पण गाडी कशी चालली आहे ते त्यांना बसल्या जागी कळत होते. "तिसरा थोडा लवकर टाकतोस," एवढेच म्हणाले.

भारत भवनापाशी थांबलो. १९८२ साली उभी राहिलेली ही वास्तू चार्ल्स कोरिया यांची. मूळ गोव्याचे हे वास्तुशिल्पकार. पणजीत कांपालला मांडवीकाठी कला अकादमी त्यांचीच. भोपाळात त्यांनी इमारत तलावाच्या उतारावर अशी बसवली आहे की रस्त्यावरून ती जवळपास दिसतच नाही; पायऱ्या उतरत गेलो की एकेक अंगण उघडत जाते. तिथे उभा असताना मला आमची कला अकादमी आठवली. २०२३ च्या जुलैमध्ये, नूतनीकरण चालू असताना, तिथल्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले तो दिवस आठवला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, ते मी परत उगाळत नाही. पण मोठी वस्तू पदरी असणे आणि मोठी वस्तू सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला गाडीच्या किल्ल्या हातात असताना तिथे पटले. उद्घाटनाला सगळे येतात. गळणाऱ्या नळीखाली फडके घेऊन बसणारा एखादाच असतो, आणि वस्तू खरी त्याची असते.

घरी परतल्यावर मी भावोजींना म्हणालो, "मला जमणार नाही." ते रागावले नाहीत. ताई मात्र चमकली, कारण हत्तीण कायमची दारात राहणार अशी तिला भीती वाटली असावी! मी कारणे सांगितली. उस्ताद इथे, मी तिथे. माझ्या घरी गाडीला छप्पर नाही, आंबा आहे. आणि सगळ्यांत मोठे कारण सांगायला लाज वाटली, पण सांगितले. मला ती चालवायची नव्हती, मला ती दाखवायची होती. म्हापशाच्या बाजारात उतरताना कुणी तरी बघावे, एवढीच माझी हौस होती. एवढ्या हौसेवर गाडी एखादे वर्ष जगली असती.

भावोजींनी मग ती विकायला काढली. बघायला बरेच आले. कुणी किमतीत घासाघीस केली, कुणी नुसते फोटो काढून गेले, एकाने लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने लावीन म्हटले. शेवटी इंदूरहून एक तरुण आला. त्याने आधी गाडी सुरू केलेली नाही ना, एवढे विचारले. मग गालिचा उचलला. मग म्हणाला, "काका, कामाची काही नोंद आहे का?" भावोजींनी त्याच्यासमोर वही ठेवली. तो पोर्चच्या पायरीवर बसून तासभर ती वाचत होता. किमतीबद्दल त्याने शब्द काढला नाही, तो भावोजींनीच काढला. घेतली त्याच किमतीला दिली. १ लाख ७० हजार. जमाखर्चाच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, कारण मधले साडेसहा लाख कुठेच दिसत नाहीत. पण ताईने मला फोनवर सांगितले ते असे: "गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा हे ठीक होते रे. वही त्याच्या हातात दिली तेव्हा डोळे पुसले." आता दोन-तीन महिन्यांनी त्या मुलाचा फोन येतो. अमुक आवाज येतो, काय असेल? भावोजी फोन कानाला लावून इंजिन ऐकतात आणि सांगतात.

हे सगळे लिहायला बसलो ते एका वेगळ्याच कारणाने. गोव्यात कुठल्याही वाड्यावर फेरी मारा. बंद घराच्या अंगणात, ताडपत्रीखाली, एक मोठी गाडी उभी असलेली हमखास दिसते. मालक मस्कतला, लिस्बनला, लंडनला. कुणाच्या वडिलांची आठवण, कुणी सुट्टीत फिरायला म्हणून स्वस्तात घेतलेली. येऊ तेव्हा दुरुस्त करू, विकायला मन होत नाही. भावना मी समजू शकतो. पण ताडपत्री गाडीला पावसापासून वाचवते हा गैरसमज आहे. ती ओल आत कोंडून धरते आणि पत्रा जास्त लवकर कुजतो. टाकीतल्या पेट्रोलचा चिकटा होतो, ब्रेक जाम होतात, टायर एका बाजूने बसतात, आणि वायरी उंदीर खातात. दोन पावसाळ्यांत, चालवता आली असती अशी गाडी भंगाराच्या भावाची होते. आपण ती जपून ठेवली या समजुतीत आपण तिला मारतो.

तेव्हा ज्यांना घ्यायची आहे त्यांना माझे सांगणे एवढेच. जरूर घ्या. कारखान्यांनी जीव ओतून बनवलेल्या वस्तू जगल्याच पाहिजेत, आणि त्या मध्यमवर्गीयाच्या हाती आल्या तर त्यात आनंदच आहे. पण किंमत विचारण्याआधी बिले मागा. गाडी शोधण्याआधी कारागीर शोधा. जेवढ्याला गाडी घ्याल तेवढेच पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवा, आणि घरातल्या माणसाला इस्पितळात न्यायला दुसरे वाहन ठेवा. हे जमत नसेल तर दुसऱ्याच्या गाडीत बसून एक फेरी मारा. तीही सुखाची असते, हे मी बड्या तलावाच्या काठावर अनुभवले आहे.

आणि ज्यांच्या अंगणात आधीच एखादी उभी आहे, त्यांना विनंती. या पावसाळ्याआधी ताडपत्री काढा. चालवायची असेल तर चालवा. नसेल तर ती वाचायला पायरीवर तासभर बसेल अशा एखाद्या पोराला देऊन टाका. वही असेल तर वहीसकट.